साल

दुसऱ्या सत्राच्या पहिल्याच तासाला
मुकादम मॅडमनी टेबलावर एक संत्रं ठेवलं.
बहिणी दोन, संत्रं एक.
एकीला गर हवा होता, दुसरीला केकसाठी साल.
का हवंय, ते कुणी विचारलंच नाही,
म्हणून अर्धं-अर्धं कापून दोघी उपाशी.

आम्ही वहीत लिहिलं: मागणी वेगळी, गरज वेगळी.
संत्रं निनादनं खाल्लं.

घरी, करावे गावात, आत्या कोलंबी सोलत होती.
"भांडना सोरवाला कालेज कवापासना लागला गो?
आनि पगार कोन देतं? जिकला तो, का हरला तो?"
हे अभ्यासक्रमात नाही.
मी फीची पावती फ्रिजवर लावली,
लाइट बिलाच्या मागं.

फेब्रुवारीत बेलापूरला, मध्यस्थी केंद्रात
माझी खुर्ची कोपऱ्यात. बोलायचं नाही, टिपायचं.
हरेश्वर मढवी, पदू मढवी, सख्खे भाऊ
(नावं बदललीत, गोपनीयतेवर सही आहे माझी),
मिठागराच्या बदल्यात मिळालेला भूखंड,
अकरा वर्षं, तीन वकील.
पानाच्या कडेला मी लिहिलं:
साडेबारा टक्क्यांना साल नसते.

मध्यस्थ गप्प.
शिकवलंय, दहापर्यंत मोजा.
मी एकतीसपर्यंत मोजले.
पंखा. खाली कुणाची तरी गाडी मागं येत होती, पीं पीं करत.
मग त्यांनी जुना नकाशा उलगडला
आणि पदूचं बोट एका जागी अडलं.
"उघाडी हितं कशी?"
हरेश्वर पहिल्यांदाच टेबलावर वाकला.
"हितं नव्हती. तिवरांच्या अंगाला होती.
बाबा भरतीला रात्री उठायचा, तू कंदील धरायचास."
"मी नाय. तूच धरायचास. मी झोपायचो."
त्यावरूनही भांडले थोडे.

पुढची तारीख पडली.
अहवालात 'निष्पत्ती'ला दोनच ओळी.
लिहिलं, नकाशा चुकलाय यावर दोन्ही पक्षांचं एकमत.
मॅडमनी दोन गुण कापले
आणि शेजारी बारीक अक्षरात विचारलं,
कंदील कोण धरायचा?

"त्या दोगांचा काय झाला?" आत्या.
"सांगता येत नाही."
"नको सांगू. काल गेल्ते दोगं खारीवर.
उघाडी त कवाच बुजली.
तरी उभं रवलं होतं, अंधार परंपर्यंत."