घट

सन्मतीच्या दाढेला भोक पडलंय
ज्वारीच्या दाण्याएवढं.
रात्री तो उशीत तोंड खुपसतो
आणि मी लवंग ठेचतो.

दिवसा पैंजणाच्या कड्या जोडतो मी, डाक देतो.
मालक तोलून देतो, तोलून घेतो.
मधे जे उडतं, झिजतं, फरशीच्या फटीत जातं
त्याला हुपरीत घट म्हणतात.
ठरल्यापेक्षा जास्त झाली तर मजुरीतनं.
म्हणून घर झाडल्यावर केर टाकत नाही आम्ही,
डब्यात ठेवतो.
आमच्या गावात केरालाही भाव आहे.

शाळेत तपासणीवाले आले होते.
आ कर म्हणाले, त्यानं केलं.
कार्डावर लिहिलं : किडलेल्या दाढा दोन. पुढे पाठवणे.
पुढे म्हणजे कुठं, ते कार्डावर नव्हतं.

आधी तालुक्याला गेलो.
दातांचे डॉक्टर मंगळवारी.
मंगळवारी गेलो तर ते दुसऱ्या शाळेत गेलेले,
दुसऱ्या कुणाच्या कार्डावर
पुढे पाठवणे लिहायला.

मग कोल्हापूर. सहा-वीसची एस.टी.,
दसरा चौकातनं चालत थोरला दवाखाना.
केसपेपरची रांग, मग दातांची रांग.
भिंतीवर रंगवलेला एक दात, हसणारा,
हातात ब्रश.
सन्मती गालाला हात लावून त्याच्याकडंच बघत होता.
आई, दाताला पण दात असतात?
असतात, म्हटलं. गप बस.

डॉक्टरीण पोरगेलीच होती, सकाळपासनं उभी.
वाईट नव्हती.
म्हणाली, दुधाची दाढ आहे, पण पडायला अजून चार वर्षं.
तोवर अशी ठेवून चालायचं नाही.
मी म्हटलं, मग चांदी भरा.
हसली. चांदी आता कुणी भरत नाही हो ताई,
सिमेंट भरतात.
मुलांचं सिमेंट संपलंय. मागणी केलीय.
वीस तारखेनंतर बघा.
कुठल्या महिन्याच्या, ते विचारायचं राहिलं,
मागनं पुढचा नंबर अंगावर आला.

राजारामपुरीत एकांनी बघितलं.
तिथं सोफा, माशांची पेटी,
खुर्चीच्या वर छतातच कार्टून.
सन्मती तोंड उघडून पडून राहिला, शहाण्यासारखा.
झालं, उठ म्हटल्यावर म्हणाला,
अजून संपलं नाही.
नस काढायची, टोपी बसवायची, दोन्ही दाढा मिळून
सात हजार. हप्ते पाडून देतो म्हणाले.
सात हजार म्हणजे किती कड्या,
पट्टणकोडोली आली तरी हिशेब सुटला नाही.

दिवसाचा खाडा झालेला. दिवा लावून बसलो.
तो शेजारी, वाकून.
टाकणखार लावला, फुंकर घातली,
डाकेचा कण वितळला, चमकला,
आणि सांध्यात जाऊन बसला, बिनबोभाट.
आई, तुझ्याकडं आहे की चांदी.
तूच भर.

रागावलो त्याला. उगाचच.
मग आ करायला लावलं, मोबाईलची बॅटरी धरली,
नजरेनंच तोललं. हाताला सवय आहे.
अर्धा ग्रॅमसुद्धा लागली नसती.

आता तो डाव्या बाजूनं जेवतो,
भाकरी दुधात बुडवून, हळूहळू.
गूळ मागायचा बंद झालाय आपणहून,
त्याचंच जास्त वाईट वाटतं.
शनिवारी मालकानं पैंजण काट्यावर ठेवले,
आकडा बघितला, वहीत लिहिलं :
घट बरोबर.

येत्या शुक्रवारी वीस तारीख.
सहा-वीसच्या गाडीला सुट्टे पैसे
केराच्या डब्याखाली ठेवलेत.
त्याचं अर्धं तिकीट, बाईमाणूस म्हणून माझं अर्धं,
दोघं मिळून एक माणूस.