कोतरातलं दार

हा घरातला कोळी नाही. जाळं विणत नाही,
कोपरा धरत नाही, केरसुणीला भीत नाही.
विश्वामित्रीच्या कोतरात, पिवळ्या मातीच्या उभ्या दरडीत
याचं बोटभर बीळ, आत रेशमाचं अस्तर,
आणि तोंडावर दार. बिजागरीसकट.
वर शेवाळ चिकटवलेलं, म्हणून दिसत नाही;
दिसायचं ते फक्त शिर्क्यांना.

प्रल्हाद शिर्के, अटेंडंट, प्राणिशास्त्र.
खराट्याची हीर घेऊन गुडघ्यांवर बसत,
कडेशी हळूच सारत, नि आतून कोणी ओढून धरी.
"आहेत बाई घरात," म्हणत,
"वर्गणीवाले समजून उघडत नाहीयेत."

ही जात म्हणे एवढ्याच नदीकाठची,
भीमनाथच्या पुलापासून अकोट्यापर्यंत, मग नाही.
पलीकडेही तीच माती, तेच गांडो बावळ,
तरी नाही. का, ते सरांनाही लिहिता आलं नाही.
लॅटिन नाव मिळालं, लांबलचक.
बाटल्यांत सगळ्या माद्याच. एकोणीस.
लेबलं मी लिहायची, काळ्या शाईने, मुंगीएवढ्या अक्षरांत.
शोधनिबंधात शेवटून दुसरी ओळ : नर अज्ञात.

नर अज्ञात नव्हता.
श्रावणात एका रात्री, बाबाजीपुऱ्यात,
शिर्क्यांच्या मोरीत तो चालत आला,
काळा, सडपातळ, पुढचे पाय जरा जास्तच लांब.
दार शोधत असणार. चुकीचं सापडलं.
कुमुदिनीवहिनींनी चप्पल मारली, पाणी ओतलं,
नि सकाळी चहा देताना सहज सांगितलं.
शिर्क्यांनी जाळी उचकटून मोरी उपसली.
एक पाय मिळाला. तोही वाळताना मोडला.
वहिनींना ते काही बोलले नाहीत. सरांनाही नाही.
मला सांगितलं, तेही निवृत्तीनंतर,
रावपुऱ्यात, शेव-उसळीच्या गाडीवर, रस्सा फुंकत.

आता दरडीला दगडी पिचिंग चाललंय.
मी हीर घेऊन जाते. गुडघे माझेही वाजतात.
काल एका दाराने ओढ धरली,
का हीरच अडकली होती, सांगता येत नाही.

घरी येऊन एक लेबल लिहिलं, जुन्याच निबने :
नर. मोरी, बाबाजीपुरा, बडोदे.
संग्राहक : सौ. कुमुदिनी शिर्के.
नमुना : नाही.
आणि रिकाम्या बाटलीत सोडलं,
स्पिरिट घालून, बूच घट्ट.