निशाणी बांगडी

तांबट लेनमध्ये दुसऱ्या मजल्यावर, पत्र्याखाली,
मी फाइली बारीक करते.
खाली दहा ते सहा हातोड्या,
वर माझा पंखा. दोघांचं जमतं.

गर्गे गुरुजींच्या वह्या त्यांच्या हौशी भाच्यानं
बारा वर्षांपूर्वी स्कॅन केल्या.
एकशे चौदा वह्या, सगळ्या टिफमध्ये,
एकेक पान ऐंशी एमबीचं,
उघड म्हटलं की संगणक आधी उसासा टाकतो.
तीन हार्ड डिस्क. त्यातली एक
परवापासून रातकिड्यासारखी वाजते आहे,
म्हणून गुरुजी पंचवटीतून चालत आले,
भाजीच्या पिशवीतून तिन्ही काढून ठेवल्या.
म्हणाले, बोरस्तेबाई, यजमान घाटावर उभा,
त्याच्या पणजोबाचं नाव मला सापडेपर्यंत
कावळा शिवून जातो.

तर मी टिफ आत टाकते, देजाव्हू बाहेर काढते.
'आधीच पाहिलेलं' असा म्हणे त्या नावाचा अर्थ.
ते पान सोलतं.
शाई एका थरात, कागद दुसऱ्या थरात,
शाई धारदार ठेवायची, कागद पुसट केला तरी चालतो,
कागद कोण वाचतंय.
पुराच्या साली भिजलेला कोपरा,
कुणाच्या तरी बोटाची हळद,
सगळं पार्श्वभूमी.

मग अक्षरांचे साचे पाडतं.
पानावर चाळीस 'स' असतील तर एकच जपायचा,
चाळीस जागी तोच उठवायचा.
मोडीपुढे मात्र त्याची भंबेरी उडते:
आधी रेघ ओढलेली, खाली अक्षरं एका दमात,
हात न उचलता पळालेली.
कुठं तोडावं कळत नाही त्याला.
मलाही नाही.

आकडे सुटे असतात, तिथं ते घसरतं.
शके १८३१ चं १८३९ केलं एकदा,
चांदोरीच्या एका म्हाताऱ्याला
फुकटात आठ वर्षं मिळाली.
मी परत घेतली. वाईट वाटलं.

वही त्रेचाळीस, पान दोनशे सात.
सिंहस्थाचं साल असावं, एकाच गावच्या बायका,
साळू कोम तानाजी, मौजे खेडलेझुंगे,
भिवरा, ठकू, दुसरी ठकू, आवडी, येसू,
सतरा जणी,
आणि प्रत्येकीच्या नावापुढे: निशाणी बांगडी.
सही येत नव्हती म्हणून बांगडी काढायची.
गुरुजी सांगतात, त्यांचे आजोबा
बोरू बाईच्याच हातात देत, तूच काढ म्हणत.

पडद्यावर सतरा बांगड्या. सगळ्या गोल,
सगळ्या सारख्या, पोस्टाच्या शिक्क्यासारख्या.
इतक्या सारख्या कशा?
जुनी टिफ उघडली, चहा आणला, तोवर पान उमटलं.
साळूची बांगडी मिटलेलीच नाही.
भिवराची अंडाकृती, येसूची दोनदा गिरवलेली,
दुसऱ्या ठकूची तर नावावरच चढलेली,
आवडीनं जिथं बोरू टेकला तिथं
शाईचा ठिपका, जोंधळ्याएवढा.

देजाव्हूनं त्या सगळ्या पाहिल्या
आणि ठरवलं, हे शून्य आहे.
वरच्या तारखेतलं शून्य उचललं,
सतरा जागी उठवलं.

माझ्या बांगड्या ड्रॉवरमध्ये असतात,
कीबोर्डवर वाजतात म्हणून.
त्या दिवशी ड्रॉवर उघडून बघितला, उगीच,
स्टेपलरच्या पिनांखाली होत्या.

साचे बंद केले. कागदाचा थरही जाड ठेवला.
ते पान पुन्हा चढवलं, मग अख्खी वही.
रात्री नऊला संपली. खालची दुकानं मिटलेली,
लेनमध्ये फक्त तिसरी हार्ड डिस्क वाजत होती.

शनिवारी गुरुजी आले, चष्मा कपाळावर,
यादीवरून बोट फिरवत म्हणाले,
बाकीच्या एवढ्याएवढ्याशा झाल्या,
ही त्रेचाळीसच का पाचपट?

बांगड्या आहेत त्यात, म्हटलं.
त्यांनी बोट तिथंच ठेवलं जरा वेळ.
मग विचारलं, आणखी कुठल्या वहीत आहेत का,
बघशील?
एकशे तेरा उरल्यात. बघते आहे.