बोर्ड

बाबांना कुणी विचारलं, काय करता,
तर ते म्हणायचे, बोर्ड.
एवढंच. क्रियापद नाही.
शहापुरात आमच्या बोळात तेवढं पुरायचं.

मला पुरलं नाही.
शाळेत मुचंडीकर बाई म्हणायच्या, बोर्डाकडं बघा.
दहावी जवळ आली तशा त्याच बाई म्हणायला लागल्या,
बोर्डाला घाबरू नका.
मी फळ्याकडं बघत बसायची.
ह्याला काय घाबरायचं,
डस्टर फिरवला की गप्प बसतोय.

चंदगडची मावसबहीण शुभदा कोल्हापूर बोर्डाची,
मी बेंगळूर बोर्डाची.
मधे एक नाका आणि एसटीचे दीड तास.
मे महिन्यात दोघी एकाच कॅरमबोर्डावर
राणीवरनं भांडायचो.

परशरामकाका कँटोन्मेंट बोर्डात पाणीपट्टी बघायचे.
उद्या बोर्डाची मीटिंग हाय, म्हणाले की
मला दिसायच्या टेबलाभोवती उभ्या केलेल्या पाट्या,
एकीचाही रंग न वाळलेला,
त्यामुळं कुणीच कुणाला न टेकता.

आईला कानडी वाचता येत नव्हतं.
पण खानापूरच्या गाडीचा बोर्ड ती लांबनं ओळखायची.
पहिलं अक्षर बघ की, म्हणायची,
गुडघा वर करून बसलेल्या बाईगत हाय.
एकदाच चुकली.
त्या दिवशी कंडक्टरनं आदल्या फेरीचा बोर्ड
बदललाच नव्हता.

बाबा सांगायचे,
मराठी वरनं टांगायची, कानडी खाली बसवायची.
रेघ आधी दोघींनाही मारायची,
पण एकीला ती वाळत घालायची दोरी
आणि दुसरीला पाट.
हे त्यांनी कुणाकडनं शिकलं माहीत नाही.
घरातला स्विचबोर्डसुद्धा एकदा भरात येऊन रंगवला,
बटणं चिकटली,
अख्खा उन्हाळा पंखा चालू तो चालूच.

मग वर कोण, खाली कोण,
कोण किती इंच, हे सुरू झालं.
रात्री पोरं डांबराचे डबे घेऊन फिरायची,
एका रात्री ह्यांची, दुसऱ्या रात्री त्यांची.
सकाळी दुकानदार आमच्या दारात.
धंदा वाढला.
त्या पैशातनं आणलेलं मटण बाबांनी खाल्लं नाही,
उपास हाय म्हणाले, मंगळवारी.
टर्पेंटाइनचा बोळा घेऊन आधी खाली काय आहे बघायचे.
स्वतःचं अक्षर निघालं तर
हात हळू व्हायचा.

खडेबाजारात एकदा मी दोन्ही मोर्चे ऐकले.
अलीकडनं, बोर्ड काढा.
पलीकडनं, बोर्डु तेगीरी.
एका उकाराचा फरक.
परिपत्रकात फलक असं छापलेलं होतं,
ते कुणीच तोंडात घेतलं नाही.
त्या शब्दावर हक्क सांगायला
कुणाचीच पोरं आली नाहीत,
डांबर सगळं त्याच्या अंगावर पडलं तरी.

पुढं फ्लेक्स आला आणि हे सगळं
एका रात्रीत छापून मिळायला लागलं.
ब्रश रॉकेलच्या डब्यात उभे होते, उभेच राहिले.

बाबा गेले तेव्हा गल्लीच्या बोर्डावर
कुणीतरी खडूनं लिहिलं,
भरमाजी सांबरेकर, पेंटर, अंत्ययात्रा चार वाजता.
ओळ उजवीकडं घसरत गेलेली,
पेंटरचा टिंब रला लागलेला.
मला वाटलं, आता उठतील
आणि ओला बोळा मागतील.

दाराआड एक पत्रा राहिलाय.
पांढऱ्याचे दोन हात दिलेला, कडा घासलेल्या.
मागं लिहिलंय, अॅडव्हान्स शंभर. नाव नाही.
पुढं मधोमध
पेन्सिलीची एकच रेघ.
तिला खालनं काही टांगायचं होतं
का तिच्यावर काही बसवायचं होतं,
मी बरेच दिवस बघितलं, कळत नाही.

गिऱ्हाईक अजून आलं नाही.
तोवर मी त्याच्यावर सांडगे घालते,
रेघ तेवढी सोडून.