ओलीचा माग

कंपनी बंद झाली तेव्हाच्या पैशांतून पहिली खोली,
पहिलीच्या भाड्यातून दुसरी.
तिसरी घेताना मात्र कळलं,
घर एकटीने विकत घेता येत नाही.

किरीट वोरा दोन टक्के घेतो,
'ताई' म्हणायचे वेगळे लावत नाही.
भांडुपमधलं कुठलंही घर त्याच्या लेखी
स्टेशनपासून पाच मिनिटं.
मी चालून पाहिलं. चौदा.
तो म्हणाला, ताई, तुम्ही पाट्या वाचत चालता.

रेगेबाई वकील.
तीस वर्षांचे कागद काढून आणले,
टेबलावर पत्त्यांसारखे मांडले,
बोलताना पेन्सिल कानावरच.
"पाच मालक झालेत या घराचे.
तिसऱ्याची सही इथे एका हाताची, इथे दुसऱ्या."
आणि त्या सहीखाली पेन्सिलने
एक बारीक टिंब.
सौदा मोडला. मोडल्याचीही फी घेतली.
मी आठवडाभर धुमसत होते.
आता जो विचारेल त्याला सांगते:
नको म्हणणाऱ्याला पैसे द्यावेत,
हो म्हणणारे फुकट मिळतात.

मग ही, टँक रोडमागची, दुसरा मजला.
कागद स्वच्छ. भिंत नाही.

भर वैशाखात ओल.
पलंगाच्या उशाशी, परातीएवढी,
दर सोमवारी मी पेनने कड आखायची
आणि दर सोमवारी ती कडेबाहेर.
वरच्या सुळेबाई म्हणाल्या, आमच्याकडून नाही.
एक जण यंत्र घेऊन आला, लाल दिवा फिरवला,
साठ हजार.
दुसऱ्याने यंत्र आणलं नाही,
पंचेचाळीस.
सीए म्हणाला, कोणाकडूनही करा, फक्त बिल घ्या.

निरंजन बेहेराला वॉचमनने बोलावलं.
केंद्रापाड्याचा. पिशवीत दोन पाने,
आणि माझ्याच मोरीतला स्टीलचा पेला
त्याने विचारून घेतला.
पंखा बंद करा, म्हणाला.
पेला भिंतीला, कान पेल्याला.
हात वर करून मला गप्प केलं
माझ्याच घरात.

बराच वेळ.
खाली कोणीतरी कांदे विकत होतं, ते संपलं.
"ऊपर से नहीं. अंदर लाइन है."

कुठल्याच नकाशात नसलेली लाइन.
तीन टाइल्स फोडल्या, मोजून तीन.
आत गंजलेला पाइप, आणि पाइपचं तोंड
जमिनीपासून दीड हातावर,
कोणीतरी चिंधी कोंबून, सिमेंट थापून
कायमचं मिटवलेलं.
इतक्या खाली बेसिन कोण बसवतं?
निरंजनने तळवा आडवा धरला,
आपल्या मांडीच्या जरा वर.
बच्चा होगा, म्हणाला,
आणि पाइप कापायला बसला.

पाच मालकांची नावं होती माझ्याकडे,
वडिलांच्या नावांसकट, वयांसकट.
हे एक नव्हतं.

अठराशे मागितले. मी म्हटलं, पंधराशे.
का म्हटलं, माहीत नाही.
रेगेबाईंच्या आकड्यावर
माझी जीभ कधी उचलली नव्हती.
त्याने नोटा मोजल्याही नाहीत.

जाताना विचारलं, खोली भाड्याने देणार का,
आम्ही चौघं आहोत, सगळे याच कामातले.
वोरा फोनवर हसला. बॅचलर? सोसायटी नाही घेणार, ताई.
मी सोसायटीला विचारलं नाही.

मग त्याने एक चिठ्ठी मागितली.
मुलुंडच्या नव्या टॉवरमध्ये
ओळख लागते म्हणे, कोणाच्या तरी सहीची.
आजवर मी सगळ्यांचे दाखले मागत आले,
लिहायला पहिल्यांदाच बसले.
'कामात चोख' लिहिलं, खोडलं.
लिहिलं: हा माणूस आधी ऐकतो, मग फोडतो.
तीन टाइल्स. एक दिवस.
मजुरी रुपये अठराशे, दिले.

खाली माझी सही, एकाच हाताची.
रेगेबाईंनी पाहिली असती
तर कानावरची पेन्सिल काढली असती.