डाव्या पायाचं काम

शलाकाने नवी गाडी आणली तेव्हा मी चावी मागितली.
ती म्हणाली, खिशात असली तरी पुरते.
एकतीस वर्षं भांडुपला मोटार ट्रेनिंग स्कूल चालवलं.
चावी फिरवताना कान कसा लावायचा,
हा माझा पहिला धडा.
आता नुसतं बटण, आवाज म्हणाल तर फ्रिजएवढा.

डाव्या पायाला काम नाही बाबा, तो मागे घ्या.
घेतला.
सोनापूरच्या सिग्नलपर्यंत तो शहाण्यासारखा राहिला,
मग उठला, क्लच शोधत निघाला,
खुंटी काढून टाकलेल्या भिंतीवर
ओला हात टॉवेल शोधतो तसा.
सापडला ब्रेक.
मागच्या रिक्षावाल्याने आमच्या घराण्याचा उद्धार केला.

आणि सिग्नलला ही गाडी आपणहून बंद पडते.
घाम फुटला मला.
बंद पाडलीस! हे मी हजारेक लोकांना ऐकवलंय,
मला कुणी ऐकवायच्या आत पाय उचलला,
तर झाली चालू.
पेट्रोल वाचतं म्हणे.

पवईच्या चढावर हँडब्रेककडे हात गेला.
तिथे नखाएवढं बटण, तेही दाबायचं नाही.
गाडी आपली चढावर उभी,
ओट्यावर टेकल्यासारखी, निवांत.
याच चढावर, पहाटे, रस्ता रिकामा असताना,
मी मागच्या चाकाला टेकवून काडेपेटी ठेवायचो.
चिरडली तर चहा शिकणाऱ्याचा.
सिस्टर ब्रिजेटने अकरा चिरडल्या.
बारावी अख्खी राहिली, ती तिने पर्समध्ये टाकली.
पुढे कधी दवाखान्यात भेटली की सांगायची,
सर, अजून आहे. एकही काडी ओढली नाही.

या गाडीच्या चाकाला काय टेकवू?

पांढरा पट्टा ओलांडला की स्टिअरिंग हाताला ढकलतं.
(पट्टा दिसत असेल तर. नसेल तिथे
तीही आपल्यासारखीच देवावर भरवसा ठेवून जाते.)
शलाकाला वाटलं मी दचकेन.
नाही दचकलो. ते ढकलणं ओळखीचं होतं,
दोन बोटांचं, वरच्या वर,
समोरच्याचा हात दुखावणार नाही एवढंच.

एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही.
स्कूलच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक होता,
तो सगळ्यांना दिसायचा.
कधी दाबला, ते दिसायचं नाही.
कुत्रं आडवं यायचं, पोरगं चेंडूमागे धावायचं,
शिकणारा गोठायचा,
आणि मी हलकेच पाय टाकायचो,
मान खिडकीकडे, जणू पाट्या वाचतोय,
मग म्हणायचो, शाब्बास. वेळेवर दाबलास.
अर्ध्या भांडुपला अजून वाटतं
आपण वेळेवर दाबला होता.

परवा रविवारी, दिवेलागणीला,
कांजूरच्या एका गल्लीतून सिलिंडरची तीनचाकी सायकल
थेट समोर आली.
लाल दिवा, किंचाळणं, पट्टा छातीत रुतला,
गाडी थांबलेली.
माझे दोन्ही पाय मागाहून पोचले.
एकाखाली ब्रेक होता, त्याचं काम आधीच उरकलेलं.
दुसऱ्याखाली रबरी मॅट.

सायकलवाल्याने एकदा वळून पाहिलं, गेला.
गाडी टुं टुं करत राहिली.
एवढं सगळं येतं तिला,
गप्प बसणं तेवढं शिकवलं नाही कुणी.

शलाका खिडकीकडे मान करून
एका दुकानाची पाटी वाचत होती.
वेळेवर दाबलात, बाबा.

तिला मीच शिकवलं होतं,
अठरा पुरी झाली त्या मे महिन्यात, नाहूरला.
तिचा ब्रेक एकदाही चुकला नाही,
असं मी तिला सांगितलं होतं.