रुमालाखाली

तेव्हा हळदीचे सौदे रुमालाखाली व्हायचे.
एका बाजूनं आण्णांचा हात, दुसरीकडून खरेदीदाराचा,
चेहऱ्यांवर काही नाही,
खाली बोटं बोटांशी बोलायची.
सांगलीच्या यार्डात, पोत्यावर बसून, नऊ वर्षांची मी विचारायचे,
किती म्हणाला?
आण्णा म्हणायचे, त्यानं म्हणायचं तेवढं.
घरी येऊन हात धुवायचे. पाणी पिवळं.
भाव कुणालाच माहीत नाही.

त्या रुमालाचा मला भारी राग होता.

म्हणूनही असेल,
कॉलेजात कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं
की हा प्रोग्राम उघडाच आहे, आतलं सगळं वाच,
चुकलेलं दिसलं तर दुरुस्त करून पाठव,
तेव्हा विश्रामबागच्या खोलीत रात्री दोनपर्यंत
मी नुसती वाचत बसले.
मध्येच एकानं लिहून ठेवलं होतं:
हे का चालतं मला माहीत नाही. हात लावू नका.
इतकं खरं बोललेलं यार्डात कधी ऐकलं नव्हतं.

दिवसा मी कुपवाडला, बेदाण्याच्या शीतगृहांसाठी ॲप लिहिते.
तो कोड कंपनीचा, कुलपात.
रात्रीचा कोड कुणाचाच नाही,
म्हणजे थोडा माझाही.

मग सन्मतीच्या लग्नात आण्णांनी घरच्या सगळ्यांना मेसेज टाकला,
आचाऱ्याला पाच हजार दिले.
फोननं लिहिलं, आचार्याला पाच हजार दिले.
दहा मिनिटांत नांद्र्याहून काकूचा फोन,
अहो, महाराजांना पैसे?
पिंछी-कमंडलूशिवाय जे काही बाळगत नाहीत त्यांना?
आण्णा घाम पुसत म्हणाले, तुझ्या त्या फुकटच्या कीबोर्डमुळं हे.

खरंच त्याच्यामुळं होतं.
पापणीएवढा तो र,
तो लिहायला मध्ये एक अक्षर लागतं ज्याची रुंदी शून्य,
दिसत नाही, उच्चार नाही,
दोघांना फक्त धरून ठेवतं.
आणि कुणा टापटीप माणसानं
तीनशे अठराव्या ओळीत लिहिलं होतं:
न दिसणारं सगळं पुसून टाका.
आमच्या दऱ्या, कैऱ्या, सगळ्या सुऱ्या
तिथं रोज झाडूनं बाहेर जात होत्या.

मी काही लिहिलं नाही. एक ओळ खोडली.
कृष्णेवरून वारा आल्यासारखं वाटलं,
खरं तर शेजारच्यांचा कूलर होता.

अकरा दिवसांनी उत्तर आलं, बर्फाच्या कुठल्या गावाहून,
त्या माणसाचं नाव मला अजून उच्चारता येत नाही.
तुमची लिपी मला वाचता येत नाही, म्हणाला,
आधीचं आणि नंतरचं, दोन चित्रं पाठवा.
पाठवली.
फरक बारीक आहे, म्हणाला. अर्थात किती पडतो?
मी लिहिलं,
एकाला पैसे द्यायचे असतात, दुसऱ्याला द्यायचे नसतात.
त्यानं बदल घेतला.

नवा कीबोर्ड आण्णांच्या फोनवर उतरवला,
म्हटलं, लिहा आता.
त्यांनी लिहिलं, कैऱ्या आण.
बघत राहिले.
जगात कुणीही मराठी लिहिलं तरी आता बरोबर येईल?
हा कीबोर्ड असेल तर, हो.
किती मिळाले?
काही नाही.
आण्णा हिशेब करताना ओठ हलवतात, तसे हलवले.

मग खांद्यावरचा पंचा काढून माझ्या हातावर टाकला,
खालून बोटं धरली. दाबली. सोडली. परत धरली.
सांग, किती?
मी म्हटलं, पंचा काढा की. बघून शिकेन पटकन.
म्हणाले, बघितलंस तर नाही यायचं.
डोळ्याला भाव दिसतो. बोटाला समोरचा माणूस कळतो,
त्याला अजून थोडं द्यायचंय का ते.

नखांच्या कडा अजून पिवळ्याच असाव्यात,
दिसत नव्हत्या.
सात हजार दोनशे?
नाही.
परत.